जटाळ्याची शिकार

आमच्या महिला दूध सोसायटीचा टेम्पो त्या दुष्काळात महिनोन्‌महिने उभाच होता. दूधच नव्हतं, तर नेणार काय? सगळ्या सभासदांची जनावरं आम्ही सोसायटीच्या आवारात एकत्र बांधली होती, म्हणजे एका टँकरवर भागायचं. चाऱ्याचं मात्र रोजचं रडगाणं. माझी थोरली जाऊ सोसायटीची चेअरमन होती आणि मी सेक्रेटरी. घरात ती मला दम द्यायची, सोसायटीत मी तिला कायदे सांगायची.

अशात एक पाहणी पथक आलं. दोन जीपा, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या एका साहेबांनी वेशीवरच्या हिरव्यागार कडुनिंबाकडं बघितलं आणि म्हणाले, "इथं तसा दुष्काळ दिसत नाही."

जीपा धुरळा उडवत गेल्या. जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "दिसत न्हाई म्हनं! दुष्काळ काय जनावर हाय व्हय, झुडपातून बाहेर येऊन उभं ऱ्हायला?" मग तिचे डोळे लुकलुकले. "आपुन बी लोकायला एक जनावर दाखवू. न दिसनारं."

ते जनावर गावात पूर्वीपासून होतंच. धारूरच्या डोंगरात जटाळ्या राहतो, त्याच्या जटा जमिनीवर लोळतात, पाय उलटे असतात, आणि तो तळीच्या तळी पिऊन टाकतो, असं म्हातारी माणसं सांगायची. जेवत नसलेल्या पोरांना आम्हीही त्याचीच भीती घालायचो. जाऊबाईनं जाहीर केलं, दर रविवारी जटाळ्याची शिकार. टेम्पोतून नेणार, टेम्पोतून आणणार. तिकीट म्हणून प्रत्येकानं जनावरांसाठी कडब्याची पेंढी आणायची.

लोक येतील असं मला वाटलं नव्हतं. पण धारूरचे मास्तर आले, बँकेतले लोक आले, दुकानदार बायकापोरांसह आले. थोरले दीर टेम्पो चालवायचे, शेजारी जाऊबाई. वाटाड्या मी. शिकाऱ्यांना हत्यार म्हणून एकेक रिकामी बादली द्यायची आणि गंभीर तोंड करून सांगायचं, "पाणी दिसलं की झडप घालायची. सोडायचं न्हाई."

पहिला मुक्काम कोरड्या पाझर तलावावर. "मंडळी, हा तलाव काठोकाठ भरलेला आहे. सरकारी कागद बघा. आपल्याला दिसत नाही, कारण जटाळ्या आत्ताच पिऊन गेला." पुढं हातपंप. त्याचा दांडा हलवला की आतून घशात काटा अडकल्यासारखा आवाज यायचा. तोच जटाळ्याचा आवाज. तो ऐकायला पोरांची झुंबड उडायची. मग वृक्षलागवडीची पाटी. पाटीवर हजारो झाडं, खाली कुसळं. "हे घनदाट जंगल. हात धरून चला, हरवाल." बँकेतले एक साहेब इतके हसले की खालीच बसले.

शेवटी ओढ्याकाठची बोरीची झुडपं यायची. तिथं खरा जटाळ्या असायचा, म्हणजे आमचे मालक. अंगावर काळी घोंगडी, डोक्यावर केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाच्या लांब जटा. झुडपातून डरकाळी फोडायची, जटा हलवायच्या आणि ओढ्यात पळून जायचं, एवढंच त्यांचं काम. घरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण डरकाळी अशी फोडायचा की माझ्याही अंगावर काटा यायचा.

एका रविवारी चकलांब्याकडचे एक आजोबा आले. पांढरं धोतर, पटका, हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. काठी असेल म्हणून कुणी विचारलं नाही. बाकीच्यांनी एकेक पेंढी आणली होती, त्यांनी गड्याच्या डोक्यावर अख्खा भारा आणला. टेम्पोत सगळे खिदळत होते. आजोबा एकटेच डोंगराकडं टक लावून बसले होते. हातपंपापाशी मी त्यांना म्हटलं, "आजोबा, हसा की जरा!" त्यांनी कानाला हात लावला, मान डोलावली आणि पुन्हा डोंगराकडं बघायला लागले. ऐकू येत नाही, हे मला कळलं. पण आमची एकही गंमत त्यांच्या कानात शिरली नव्हती, हे काही डोक्यात आलं नाही.

ओढ्यापाशी आम्ही उतरलो. ऊन रणरणत होतं. डरकाळी झाली. पोरं किंचाळली. बोरीच्या झुडपात काळी घोंगडी आणि जटा हलताना दिसल्या. आणि माझ्या कानाशेजारी धाडकन बार झाला.

वळून बघते तर आजोबांच्या हातात दुनळी बंदूक. समोर घोंगडी झुडपातून घसरत खाली पडली.

मी पळत सुटले. पायातली चप्पल कुठं गेली, काटे किती मोडले, मला काही ठाऊक नाही. मागून जाऊबाई माझं नाव घेऊन हाका मारत होती, तिचा आवाज फाटला होता. झुडपाशी पोचले आणि घोंगडीला हात लावायचं धाडस होईना. शेवटी डोळे मिटून ओढली.

खाली माती. नुसती माती.

"काऊन रं, कोन बार काढला?" ओढ्याच्या घळीतून मालक वर चढत होते. उघडेबंब, बनियन खांद्यावर. घोंगडीत उकडतं, वर बोरीवरच्या लाल मुंग्या चावतात, म्हणून त्यांनी सगळा साज फांदीवर अडकवला होता. स्वतः घळीच्या सावलीत बसून डरकाळी फोडली आणि फांदीला बांधलेली दोरी खालून ओढली होती.

मी आधी त्यांना शिवी दिली. लग्नानंतरची पहिली, आणि ती सगळ्या टेम्पोनं ऐकली. मग त्यांची पाठ, दंड, छाती चाचपली. रक्ताचा थेंब नव्हता. मुंग्या चावून उठलेल्या गांधी तेवढ्या होत्या. मग मी तिथंच फतकल मारून बसले.

दिरांनी आजोबांच्या हातातून बंदूक काढून घेतली होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आजोबा, जनावर न्हाई! मानूस हाय! माझा नवरा हाय!"

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते मालकांपाशी आले. बैलबाजारात जनावर पारखावं तसं त्यांना पुढून बघितलं, पाठ फिरवायला लावली, हात वर करायला लावले. तरी भरवसा बसेना. "पानी पी," म्हणाले. मालक माझ्या तांब्यातलं पाणी प्याले. ते नरड्याखाली उतरताना दिसलं तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं श्वास सोडला.

"माझी दोन वासरं फाडली, बाई," ते मला म्हणाले. "बाजारात कळालं, धारूरला त्या जनावराची शिकार चाललीय. म्हनलं, वाटंल तेवढा कडबा लागू दे, पर जातो."

कुणालाच त्यांच्यावर रागावता येईना. मालकांनीच त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "नेम लई बेस हाय तुमचा!" आजोबा हसले, मग रडले, आणि मग सगळा टेम्पो असा हसत सुटला की गेलेला जीव परत अंगात आल्यासारखं झालं.

जाऊबाईनं तिथंच शिकार बंद केली. कडबा मात्र तोवर बराच साठला होता आणि पुढं आजोबांनी स्वतःहून आणखी दोन गाड्या पाठवल्या. निरोपही आला की वासरं लांडग्यांनी फाडली होती. पावसाळ्यापर्यंत आमच्या आवारातलं एकही जनावर चाऱ्यावाचून गेलं नाही. टेम्पो पुन्हा दुधाच्या कॅनांनी खडखडायला लागला, तेव्हा तो आवाज ऐकायला आम्ही बायका उगाचच रस्त्यावर उभ्या राहिलो.

मालक आता म्हातारे झालेत आणि लई घोरतात. सुना म्हणतात, मामांचा बिछाना ओसरीवर घाला. मी घालू देत नाही. मला त्या आवाजात छान झोप लागते.