एका घरातली साक्ष

शिवशरण, येशुदास संगप्पा. वय पूर्ण त्रेसष्ट. राहणार सोलापूर, रेल्वे लाइन्सच्या मागे. शिक्षण दहावी, पुढे आयटीआय. नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून, आता निवृत्त. चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीचे ज्येष्ठ सभासद. कुटुंब: पत्नी एक, कन्या एक (विवाहित). विशेष कौशल्य: घरगुती प्रसंगांतून आत्मिक बोध काढणे. अनुभव: एकोणतीस वर्षे. त्यासाठी लागणारा कच्चा माल: स्वतःचे कुटुंब. कुटुंबाची संमती: गृहीत. घरात घडणारी प्रत्येक गोष्ट सर्वप्रथम यांना सांगितली जाते.

उद्या मंडळीने स्मरणिका काढली, तर येशुदासकाकांचा परिचय असाच छापावा लागेल आणि त्यात खोटं काही नसेल. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी नव्हतं.

आमच्याकडे रविवारच्या उपासनेत उपदेशाच्या आधी साक्षीला वेळ असतो. ज्याला देवानं आठवडाभरात काही शिकवलं असेल, त्यानं उठून सांगावं अशी पद्धत. देव बाकीच्यांना अधूनमधून शिकवी. येशुदासकाकांना तो आठवड्याला एक धडा नेमानं देत असे, आणि तोही त्यांच्याच स्वयंपाकघरात. पत्नी तानाबाईंची भाकरी तव्यावर मोडली, तर पीठ नीट मळलं नव्हतं, म्हणजे आपलंही अंतःकरण मळलेलं नाही. तानाबाईंनी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला, तर कृपा आपल्याजवळच असते आणि आपण तिला बाजारात हुडकतो. मुलगी पिंकी नववीत गणितात नापास झाली, तर गर्वाचं घर कसं खाली येतं. हा बोध ऐकताना पिंकी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसलेली होती. आपल्याला गर्व होता हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

एकदा तानाबाईंची किडलेली दाढ काढली. पाप मुळापासून उपटलं पाहिजे, हे सांगताना काकांनी ती दाढ कागदाच्या पुडीतून काढून मंडळीला दाखवली. उपासना सुटल्यावर बायकांनी तानाबाईंना गराडा घातला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दाढ माझी. ठणका माझा. बोध तेवढा यांचा."

नाव मात्र काका कधीच घेत नसत. सुरुवात ठरलेली: "प्रियजनहो, एका घरात काय झालं..." मंडळीत दीडशेवर घरं आहेत. पण 'एका घरात' म्हणजे कुठल्या, हे रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

गेल्या एप्रिलात पिंकी माहेरी आली. सासर कुर्डुवाडीचं, नवरा तिथंच रेल्वेत. लग्नाला तीन वर्षं होऊन गेलेली. पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं होतं. मंडळीला सांगितलं होतं की पिंकीला अशक्तपणा आहे, आणि अशक्तपणा ही गोष्ट आमच्याकडे कुणालाही, कधीही असू शकते.

घरातल्या प्रार्थनेला ती बसे, डोळे मिटे, पण तिची पाळी आली की "आई, तू कर" म्हणे. काकांना हे दिसत होतं. बोध म्हणून नव्हे, बाप म्हणून दिसत होतं. हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे, कारण पुढे त्यांच्या बाजूनं नोंदवण्यासारखं फारसं नाही.

एका सकाळी नळाला पाणी आलं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे सगळं घर नळीच्या मागं पळतं. तानाबाई आत हंडे लावत होत्या, काका अंगणातल्या बॅरलमध्ये नळी धरून उभे होते आणि पिंकी दुसरा बॅरल घासत होती. पाणी खेचणाऱ्या मोटारीचा आवाज मोठा होता. त्या आवाजाच्या आडोशानंच ती बोलली असावी.

"पप्पा, मला प्रार्थनाच होत न्हाय."

"म्हणजे?"

"डोळे मिटते. तोंड उघडते. शब्द येत न्हाईत. दवाखान्यातनं आल्यापासनं असंच हाय. देव न्हाय असं वाटत न्हाय मला. हाय. पण त्याच्याशी बोलावंसंच वाटत न्हाय."

बॅरल भरून वाहायला लागला. काकांनी नळी हलवली नाही. मग म्हणाले, "होईल, बाळा."

"हे चर्चमध्ये सांगायचं न्हाय, पप्पा."

"छे!"

"छे न्हाय. शब्द द्या."

काकांनी शपथ घेतली नाही. शपथ घेणं बायबलच्या वचनाविरुद्ध आहे, असं त्यांचं मत होतं. होय म्हणजे होय एवढं पुरे असतं. ते "होय" म्हणाले.

त्या रविवारी ते खरोखरच दुसरी तयारी करून आले होते. दूध उतू जाण्याबद्दल होतं काहीतरी, जागृत राहण्याविषयी. उठले. "प्रियजनहो, एका घरात गॅसवर दूध ठेवलं होतं..." पण दूध काही तापेना. पुरुषांच्या बाजूला दोघं-तिघं मोबाइल बघत होते. पंख्यांचा खडखडाट. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. ज्या माणसाचं एकोणतीस वर्षं लोकांनी ऐकलं आहे, त्याला न ऐकलं जाणं झेपत नाही. काका थांबले आणि पुन्हा सुरू झाले, तेव्हा आवाज खाली आलेला होता.

"एका घरात एक बाप पाणी भरत होता..."

मोबाइल खिशात गेले.

त्यांनी सगळं सांगितलं. मूल, दवाखाना, मिटलेले डोळे, उघडलेलं तोंड, न येणारे शब्द. नाव घेतलं नाही. भरून वाहणारा बॅरलसुद्धा घातला. देवाची कृपा अशीच वाहत असते आणि आपलंच भांडं दुसरीकडे असतं. बोलताना त्यांचा गळा दाटला, आणि तो खरोखरचा दाटला होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. इतकी चांगली साक्ष त्यांनी आयुष्यात दिली नव्हती. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तिसऱ्या बाकावर पिंकीनं गीतांचं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. तेव्हा कुठलंच गीत चाललेलं नव्हतं.

बाहेर दारात लोकांनी काकांचे हात हातात घेतले. "काका, काळजाला भिडलं आज." "डोळ्यांत पाणी आलं, काका." तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर काकांना हात सोडवून घ्यावासा वाटू लागला. रिक्षात तिघं बसले. काका पुढं ड्रायव्हरजवळ.

"नाव कुठं घेतलं मी?" ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले.

मागून पिंकी म्हणाली, "नळी कुणाच्या हातात होती, पप्पा?"

रिक्षावाला, कारण नसताना, आरशात बघत होता.

त्यानंतरचे दिवस काकांनी कसे काढले, ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. दुधाला लांबच्या गल्लीनं जायचे, कारण जवळच्या गल्लीत मंडळीतली चार घरं होती आणि त्या घरांतली माणसं आता आवाज खाली आणून विचारत, "पिंकी कशी हाय?" एकोणतीस वर्षं त्यांनी लोकांना शरम वाटायला लावली होती, खोटेपणाची, आळसाची, गर्वाची. आपल्याला ती वाटते तेव्हा कानाच्या पाळ्या गरम होतात, जेवताना मान वर होत नाही आणि स्वतःच्याच घरात बाथरूमचं दार उगाच लावून उभं राहावंसं वाटतं, हा तपशील त्यांच्या बोधात कधी आला नव्हता. घरात कुणी भांडलं नाही. तानाबाईंनी फक्त ताट वाढून समोर ठेवलं आणि आपण आत जाऊन जेवल्या.

बुधवारची घर-प्रार्थना खरं तर दुसरीकडे होती. बजाबाईंनी ती बदलून घेतली. बजाबाई म्हणजे कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतली सत्तरीची बाई, मंडळीतली सगळ्यांत जोरदार प्रार्थना करणारी. "येसुदासच्या घरी घिऊ. पोरीला गरज हाय," त्या म्हणाल्या. यात वाईट हेतू अजिबात नव्हता. चांगल्या हेतूला नाही म्हणायची सोय आमच्या मंडळीत नाही.

संध्याकाळी बारा-पंधरा माणसं सतरंजीवर बसली. आमची रीत अशी: आधी सगळ्यांनी आपापल्या विनंत्या सांगायच्या, मग ज्याला प्रेरणा होईल त्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी घरधन्यानं सगळ्या विनंत्या गोळा करून देवापुढं ठेवायच्या. कुणाचा गुडघा होता, कुणाच्या मुलाची मुलाखत होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कुणाची विनंती?"

पिंकी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती.

"माझी हाय."

सगळ्यांनी आशेनं वर पाहिलं.

"घरात बापाला सांगितलेलं घरातच राहावं. एवढीच विनंती हाय."

ट्रे तिनं खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. पाळकसाहेब "बरं" म्हणाले. त्यांना धर्मशास्त्राच्या शिक्षणात यासाठी काही शिकवलेलं नसावं. सगळ्यांनी डोळे मिटले.

बजाबाईंनी सुरुवात केली. "प्रभू, तुला ठावं हाय. ह्या लेकरानं पाणी भरताना बापाजवळ मन मोकळं केलं. पाचव्या म्हैन्यात तिची कूस रिकामी झाली, प्रभू. तिला तोंड उघडून शब्द येत न्हाईत, प्रभू. बॅरल भरून व्हायलाय, पर तिचं भांडं कोरडं हाय..." काकांचे शब्द जसेच्या तसे, आणि गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात. शेजारच्या टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. काका मान खाली घालून ऐकत होते. एवढ्या ताकदीचा बोध आपण रचला होता, हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं.

मग त्यांची पाळी आली.

ते उठून उभे राहिले, कारण ते नेहमी उभं राहून प्रार्थना करतात. डोळे मिटले. "हे दयाळू..." म्हणाले आणि थांबले. पुढं काही आलं नाही. गुडघा आठवला, मुलाखत आठवली. तिसरी विनंती आठवली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. पंखा फिरत होता. चहावर साय धरू लागली. मौन प्रार्थना चालली असेल असं समजून दोघा-तिघांनी अधिक घट्ट डोळे मिटले. बजाबाईंनी टेकू द्यावा तसं दोनदा म्हणून पाहिलं, "व्हय प्रभू. व्हय की, प्रभू."

शेवटी तानाबाई म्हणाल्या, "आमेन. घ्या, चहा गार व्हायलाय."

लोक चहा पिऊन, खारी खाऊन, कधी नव्हे इतक्या लवकर उठले. बजाबाईंनी जाताना काकांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, माणूस आत्म्यानं भारावलाय.

कप विसळायला मोरीपाशी पिंकी बसली होती. काका दारात येऊन उभे राहिले.

"पिंकी, मी तिथं..."

"शब्द आले न्हाईत ना?"

"न्हाय."

"तसंच होतं, पप्पा." तिनं कप पालथा घातला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर काकांना बरं वाटलं असतं. "आता ह्याचा बोध करू नका."

सकाळच्या गाडीनं ती कुर्डुवाडीला परत गेली. बॅग उचलायला काका पुढं झाले, तेव्हा ती "असू द्या" म्हणाली आणि आईबरोबर रिक्षात बसली. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी पाळकसाहेबांनी सवयीनं काकांच्या बाकाकडे पाहिलं. काका पायांकडे बघत होते. त्याच्या पुढच्या रविवारीही. आता ती वेळ एका अधिकच्या गीतानं भरून काढतात, आणि लोकांना वाटतं की काकांची तब्येत बरी नसते.

पिंकीचा फोन रोज येतो. तो तानाबाईंच्या मोबाइलवर येतो, आणि आला की तानाबाई गच्चीवर जाऊन बोलतात.