दाजींचा रेडिओ आणि आभाळातली चिठ्ठी

दाजींच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम. मी तो मोडला नाही. मी गिरमिट लावलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुलढाण्याला कोर्टात नोकरी, आवाज पुकाऱ्याचा आणि स्वभाव जावयाचा! एकदा जेवताना त्यांच्या पानात कुरडई वाढायची राहिली, तर ताईचं माहेरपण दोन दिवाळ्या बंद पडलं. तेव्हापासून दाजी घरात असले की आई कुरडईची परात घेऊन त्यांच्या मागेच उभी असायची.

या दाजींना हौशी रेडिओचा नाद. रीतसर परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरी बसून लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. त्यांचं पाहून मीही परीक्षा दिली. फरक एवढाच, की दाजींकडे परवाना आणि रेडिओ दोन्ही होतं आणि माझ्याकडे नुसताच परवाना. मी तेव्हा मोताळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. (मुलं अजून भेटतात. विज्ञानाचा विषय दोन्ही बाजूंनी टाळला जातो.)

खूप गळ घातल्यावर दाजींनी आठ दिवसांसाठी रेडिओ दिला.

"ऐकाले नेऊन राह्यले, तर फक्त ऐकाच, मास्तर! रविवारी मी न्यायले येतो. आठ दिवस कसेबसे काढीन, पन रोज संध्याकाळी खामगावच्या मित्रासंग बोलल्याबिगर मले जेवन जात नाही."

मी ऐकणारच होतो हो! पण नेमका त्याच आठवड्यात एका लेखाची झेरॉक्स माझ्या हाती लागली. आकाशात म्हणे काही लहान उपग्रह फिरतात आणि ते टपालपेटीचं काम करतात. खालून चिठ्ठी पाठवायची, ती त्यांनी पोटात ठेवायची आणि दुसऱ्या देशावरून जाताना ज्याला हवी त्याला द्यायची. चिठ्ठीचे लहान लहान तुकडे करून ते आवाजाच्या रूपात पाठवतात. बोलण्याच्या रेडिओवरही ते पकडता येतात, फक्त रेडिओत थोडा फेरफार करावा लागतो. कारण रेडिओ माणसाच्या कानासाठी प्रत्येक आवाजाला तेल लावून भांग पाडून बाहेर सोडतो आणि त्या विंचरण्यातच चिठ्ठीची अक्षरं गळून जातात! तेव्हा आवाज विंचरायच्या आधीच आतून एक तार बाहेर काढायची, पाठवण्यासाठी एक आत न्यायची आणि दोन्हींसाठी मागच्या पत्र्याला एक भोक पाडायचं. वाचताना हे सुपारी कातरण्याइतकं सोपं वाटत होतं.

मंगळवारी मी रेडिओ उघडला. बाबा येऊन बसले.

"काय करून राह्यला बे?"

"आभाळातून चिठ्ठी येणार आहे, बाबा."

"कोनाची?"

"कुणाचीही येईल."

"आपल्याले आभाळातून कोन लिहिते? इथं सख्खा भाऊ वडनेरहून लिहीत नाही!" मग त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "बरं, त्याले तिकीट कोन लावते?... आन् जावईबापूले इचारलं काय?"

मी गिरमिट जोरात फिरवायला लागलो.

भोक छान पडलं. मग लक्षात आलं, की दाजींनी मागच्या पत्र्यावर पेंटरकडून पांढऱ्या रंगात आपलं नाव लिहून घेतलेलं होतं. ते आता मधोमध आरपार झालं होतं. सुटा पत्रा समोर धरला, की त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला उपग्रह आला. बांबूला अॅल्युमिनियमच्या आडव्या सळ्या ठोकून मी अँटेना केली होती, ती धरून बाबा गच्चीवर उभे. मी खालून ओरडणार, "बाबा, डावीकडे! थोडी वर!" आणि बाबा दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत बांबू फिरवणार. रेडिओतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज आला, तो आवाजाची अक्षरं करणाऱ्या, मी जुळवलेल्या डबीतून टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकात गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली! कोण कुठल्या देशातला माणूस कोण कुठल्या माणसाला हवामान कळवत होता. मोताळ्यात, माझ्या मधल्या खोलीत! मी नाचलो. बायकोही पोळपाट टाकून आली आणि म्हणाली, "काऊन हो, हा इतक्या लांबून आला, त्याले पानी तरी इचारा!"

संध्याकाळी मी माइकचं बटण दाबून पाहिलं. रेडिओ मुका! कुठली तरी एक तार मी चुकून कापली होती. आता रेडिओ उपग्रहाशी बोलत होता, माणसाशी बोलत नव्हता. परवा दाजी येणार, खामगावचा मित्र अबोल राहणार आणि ताईच्या आणखी किती दिवाळ्या जाणार, या विचारानं मला जेवण जाईना.

शनिवारच्या फेरीला मी आभाळापुढेच हात पसरले. मोडक्या इंग्रजीत 'सर्वांसाठी' म्हणून चिठ्ठी टाकली: बहिणीच्या नवऱ्याचा रेडिओ न विचारता उघडला, भोक पाडलं, माइकची तार कापली, ते रविवारी येताहेत, वाचवा! (एवढ्या मोठ्या आभाळात आपली चिठ्ठी वाचतो कोण, असा माझा शास्त्रीय अंदाज होता.)

रविवारी दाजी दुपारी यायचे. आले पहिल्याच एस.टी.नं!

मी रेडिओ भिंतीला पाठ टेकवून ठेवला होता, एखाद्या घाबरलेल्या माणसासारखा. दाजींनी विचारलं, "रेडिओ बरा आहे ना?"

"दाजी, आधी उपग्रह तर पहा!" मी म्हणालो.

दाजींची कळी खुलली. माझी मात्र पंचाईत झाली. चिठ्ठी आली नाही तर रेडिओ बिघडवला हे कळणार, आणि उत्तर आलं तर कसा बिघडवला हेही कळणार! देवाकडे नक्की काय मागावं, हेच सुचेना. अँटेना बघायला म्हणून गच्चीवर पळालो आणि जागीच थबकलो.

अँटेनावर शेवया वाळत होत्या!

पहाटेपासून आईनं आणि बायकोनं शेवयांचा घाट घातला होता. वाळत घालायला तुरीच्या काड्या, तुराट्या, कमी पडल्या, तेव्हा आईची नजर माझ्या सळ्यांकडे गेली. "इतक्या सरळ काड्या रिकाम्याच पडून राह्यल्या होत्या," आई म्हणाली. प्रत्येक सळीवरून ओल्या शेवया लोंबत होत्या. नवरदेवाला मुंडावळ्या बांधाव्यात तशी अँटेना दिसत होती.

मला आईचे पाय धरावेसे वाटले. ओल्या शेवयांतून कसली चिठ्ठी येते! दोष शेवयांचा आणि मी सुटलो! मी आनंदानं खाली आलो. पण बाबांनी बांबू आधीच उचलला होता.

"हळू फिरवा! तुटतीन ना शेवया!" वरून आईचा आवाज.

"उपग्रह थांबते काय तुह्या शेवयांसाठी?"

"मंग त्याले सांगा ना दोन मिनिटं थांबाले!"

चर्र झालं. विज्ञानानं मला वर्गात अनेकदा तोंडघशी पाडलं होतं, पण पाहुण्यांसमोर कधी नाही. शेवयांसकट अँटेनानं शुक्रवारपेक्षा स्वच्छ अक्षरं पकडली! पडद्यावर माझं नाव आलं.

"तुम्हाले आहे, मास्तर!" दाजी हरखले. घरात इंग्रजी सगळ्यांत चांगलं त्यांचं. ते उभे राहिले आणि ओळ उमटेल तशी मराठी करून, कोर्टाच्या आवाजात वाचू लागले:

"प्रिय मित्रा, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याच्या रेडिओला तुम्ही जे भोक पाडलं..."

दाजी थांबले. टीव्ही थांबला नाही.

"...त्याची काळजी करू नका. कापलेली तार मात्र लगेच जोडा. काम दहा मिनिटांचं आहे. ते रविवारी येण्याआधी उरका, म्हणजे त्यांना काही कळणार नाही. तुमचा, ऑस्ट्रेलियातून..."

तेवढ्यात गच्चीवरून बाबांची आरोळी आली, "आली काय बे? कोनाची हाये?"

दाजींनी रेडिओ फिरवला आणि मागचा पत्रा सोडवून हातात घेतला. आपल्या नावातल्या भोकाला डोळा लावून पलीकडे पाहिलं. पलीकडे मी होतो. शेवया घेऊन खाली आलेली आई दारातच खिळली. तिला ताईच्या दिवाळ्या दिसत असाव्यात.

"भोकाचं जाऊ द्या," दाजी शेवटी म्हणाले. "तारही जोडता येते. पन मले एक सांगा, मास्तर. मी कुठं राहतो? बुलढान्याले. एका एस.टी.च्या अंतरावर! मंग माह्या रेडिओचं हे माह्या आधी ऑस्ट्रेलियाले काऊन कळलं?"

दाजी खाली बसले आणि उत्तर मिळाल्याशिवाय आपण हलणार नाही, असं त्यांनी आईला सांगून टाकलं.

ऑस्ट्रेलियाकडेही उत्तर नव्हतं. सोमवारी सकाळी मी विचारून पाहिलं.