दोन ठोके

"एऽ मंगरूळ मंगरूळ मंगरूऽऽळ! एकच शीट! बसा बुढीमाय, एकच शीट!"

जीपमध्ये दहा जागा रिकाम्या असल्या तरी शालिग्रामकाकाकडे एकच शीट उरलेली असायची. शेलूबाजारच्या स्टँडवर बावीस वर्षं त्याने अशाच सवाऱ्या भरल्या. दोन वर्षांपूर्वी अकोल्याला गळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता तोंड उघडलं की नुसती हवा येते. त्याची हाक मला जशीच्या तशी काढता येते. त्याच्यासमोर काढत नाही.

त्याने कुत्रा आणला तेव्हा रुख्मिणीकाकू कमरेवर हात ठेवून अंगणातच उभी राहिली. "पिल्लू तरी आनाचं! म्हताऱ्याले म्हताराच सापडला काय? घरात एक मुका हाये, तो पुरत नोता?"

कुत्रा सहा-सात वर्षांचा. अंग गावठी, शेपूट भलत्याच जातीचं, एक कान उभा, एक पडलेला. उन्हाळ्यात हायवेवर एका निळ्या ट्रकच्या केबिनमधून पडला आणि ट्रक निघून गेला. जखमी कुत्री सांभाळणाऱ्या वाशीमच्या अफ्रीनने तीन महिने घरी ठेवून त्याचा मोडलेला पाय बरा केला. काकाच्या हाती दोरी देताना ती एका दमात म्हणाली, "काका, पंधरा दिन देखती मैं, फिर आती. ट्रक दिसला की धावते हा, आवाज देऊन थांबवा लागते..." आणि काकाच्या गळ्याकडे बघून तिने जीभ चावली. मग हळूच, "नाई जमलं तं मी वापस नेईन."

कुत्रा दिवसभर हायवेकडे तोंड करून बसायचा. तिसऱ्या दिवशी मोठा ट्रक दिसला आणि दोरी तोडून सुटलाच. काकाकडे हाक कुठली? त्याने फाटकाच्या पत्र्यावर हात आपटला, जीप थांबवताना मारायचा तसा. ठण्ण!

कुत्रा जागच्या जागी थांबला.

ट्रकचे क्लीनरही तेच करतात. एक ठोका, थांब. दोन ठोके, चल. काका बिनआवाजाचा इतका हसला की काकू घाबरून पाणी घेऊन आली. त्या दिवसापासून दोरी बांधलीच नाही.

चौदाव्या दिवशी घराच्याच बाजूला, पंक्चरच्या दुकानापुढे एक ट्रक लागला. केबिन निळी. कुत्रा कुंई कुंई करत पळाला.

"मारा नं ठोका! काहून थांबले? जाऊन राह्यला नं तो!" ओरडत होती ती काकूच.

काकाने हात उचलला. कुत्रा थबकला, मागे वळून बघत राहिला. काकाने ठोके मारले. दोन.

कुत्र्याने एकेक टायर हुंगला. केबिनच्या दारावर पुढचे पाय ठेवून उभा राहिला. "अरे हट! किसका कुत्ता है ये?" ड्रायव्हर दुसराच होता. पंक्चर निघालं, ट्रक गेला, आणि कुत्रा धुळीत उभाच.

काकाने पत्र्याला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने कुत्रा आपणहून आला, पण आत नाही. फाटकाबाहेर बसला, तोंड हायवेकडे.

"त्या पोरीले फोन करा लागते," काकू नाक ओढत म्हणाली. "येऊ नको म्हना. आमचा हाये तो."

काका कुत्र्याशेजारी खाली बसला. समोर स्टँडवर नवीन माणूस ओरडत होता, "मंगरूळ, मंगरूळ!" शेवटचं त्याला ओढता येत नाही, मध्येच तोडतो. काकाचे ओठ मात्र ते शेवटपर्यंत ओढत होते.