प्रश्न शेवटी विचारा

अमेरिकेतल्या मेन राज्यात, कागद गिरणीच्या एका गावात लोर्ना मिशो बावीस वर्षं सातवीला गणित शिकवत होत्या. "प्रश्न शेवटी विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी घंटा व्हायची आणि प्रश्न राहून जायचे. अभ्यासक्रम मात्र वेळेत पुरा व्हायचा.

फेब्रुवारीत गिरणीत वाफेचा नळ फुटून त्यांचा नवरा रेजी गेला. जमीन गोठलेली, म्हणून पुरणं मे महिन्यावर ढकललं.

आठवड्याने कोल्बी आला, आईने दिलेलं बीन्सचं भांडं घेऊन. गिरणीत रेजीच्या हाताखाली नवा लागलेला. बाईंचाच जुना विद्यार्थी. तो दारातच उभा राहिला.

"बाई, त्या दिवशी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केलाय का, हे मला विचारायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं."

"मग?"

"सगळे घाईत होते. म्हटलं, काम संपल्यावर विचारू."

बाईंना वाटलं, आता राग येईल. आला नाही. "जेवलास का?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी वर्गात उदाहरण अर्ध्यावर सोडून त्यांनी खडू ठेवला. "विचारा." कुणी बोलेना. त्या बसून राहिल्या. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच.

मुख्याध्यापक हॅस्केलनी त्यांना गाठलं. "लोर्ना, अजून काही दिवस घरी राहा. मुलं म्हणतात, बाई नुसत्या बसून असतात."

"वाट बघते."

"कसली?"

"कुणीतरी हात वर करण्याची."

गुरुवारी मार्सीने हात वर केला. "बाई, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?"

"हिला एवढंही येत नाही!" मागच्या बाकावरचा वेड नावाचा मुलगा हसला.

"तुला येतं? सांग."

वेड वही चाळू लागला. बाई फळ्याकडे वळल्या. इतकी वर्षं उलटा करायला लावला. का, ते त्यांनाही सांगता येईना.

"मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "शोधू या."

तो तास त्यातच गेला. पुढे रोज दोन-चार हात वर होऊ लागले. दोन धडे मागे पडले. हॅस्केल कुरकुरले, मग गप्प बसले.

मेमध्ये रेजीला पुरलं. कोल्बी लांब उभा होता. बाईंनी त्याला जवळ बोलावून घेतलं. डोळे कोरडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मार्सीने विचारलं, "बाई, काल तुम्हाला काय वाटलं?"

बाईंनी खरंच आठवून पाहिलं.

"काहीच नाही गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुस्तक उघडलं.