केळीला कळवायचं राहिलं

ही गेली तेव्हा सगळ्यांना कळवलं, परसातल्या केळीला तेवढं राहिलं. म्हणून तिने खुशाल शंभरेक केळ्यांचा घड दिला, तोही एकदम पिकला. आता एकट्या म्हाताऱ्याने किती खायचं? टाकवतही नाही. फळ उकिरड्यावर गेलं की ही दोन दिवस बोलायची नाही.

शेवटी चिडून डझनभर केळी कुसकरली, रवा-गूळ घालून पातेलं चुलीवर ठेवलं, झाकणावर निखारे ठेवले. ही असाच केक भाजायची. मग ओट्यावर जाऊन बसलो.

शेजारची वहिनी कुंपणावरून ओरडली, "भावजी, करपलं की! नाक आहे की भोपळा?"

वास मलाही आला होता. पण आजवर केक भाजताना मी ओट्यावरच बसायचो. आतून ही म्हणायची, "झालं हो, उतरवा." मग जड पातेलं उतरवायचं, एवढंच माझं काम. आजही हाकेची वाट बघत बसलो, गाढवासारखा.

बूड खरवडून वरचा भाग वहिनीला दिला. घड अजून अर्ध्याहून जास्त आहे.

"उद्या मी हाक मारते," ती म्हणाली.

नको म्हटलं. करपू दे.