गणपतरावांचं न पडलेलं मत

तानाबाई आणि गणपतराव या नवराबायकोची चाळीस वर्षांची रीत होती. मतदानाला एकत्र जायचं, मत एकमेकांच्या विरोधात टाकायचं आणि येताना भांडत यायचं. दोघांची मतं अशी फिटून जातात, मग उन्हात तडफडायचं कशाला, असं गल्ली विचारायची. "ह्यास्नी एकट्याला सोडलं तर गाव बुडवतील की," तानाबाई सांगायची.

यंदा ग्रामपंचायतीला तिची उमेदवार अनुजा, तर गणपतरावांचा विजयसिंह. शाळेत आलेलं मतदान यंत्र इतकं जुनं की कडा पिवळ्या पडलेल्या. गणपतरावांनी बटण दाबलं. आवाज आला नाही. "म्हातारं झालंय, घसा बसलाय त्येचा," म्हणत ते बाहेर पडले. मतदान घेणाऱ्या साहेबांचंही तेच म्हणणं होतं.

मागोमाग तानाबाई आत गेली. दाबलं, गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प.

"झालं मावशी, या बाहेर," साहेब म्हणाले.

"शिट्टी झाल्याबिगर मी कुकर उतरत न्हाय. आवाज झाल्याबिगर हितनं हलणार न्हाय!"

रांग ओरडायला लागली. साहेबांनी चिडून यंत्रातला आकडा वहीशी ताडून पाहिला. सह्या एकशे त्रेचाळीस, मतं एकशे तीस! आतली वायर कुजली होती आणि आवाज बंद झाल्यापासून एकही मत पडलं नव्हतं. साहेबांनी फोन लावला.

दुसरं यंत्र आलं आणि तानाबाईचं मत चांगलं कोकलत पडलं. तिच्या आधीच्या बारा जणांना मात्र सांगितलं, सही झाली, शाई लागली, आता पुन्हा नाही. त्या बारांत गणपतराव होते.

अनुजा एका मतानं निवडून आली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझं मत कामाला आलं," म्हणत बायकांनी तानाबाईला गुलाल फासला. घरी गणपतराव भांडलेच नाहीत. शाईचं बोट बघत जेवायचे. दोन दिवस तानाबाईनं हे बघितलं.

तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन थेट अनुजाकडं गेली. "तहसीलदाराला अर्ज लिही. माझ्या मालकांचं मत पडल्यालं न्हाय, ते पुन्यांदा घ्या म्हणावं."

"मावशी, त्या बारा जणांची मतं पुन्हा घेतली तर माझी खुर्ची जाईल की!"

"जाऊ दे. त्येंची अक्कल गाढवाची हाय, पर मत त्येंचं हाय."

अनुजानं पेन उघडलं.