पायऱ्या न लिहिणारी

पेनाला टोपण लावायचं, हाताची घडी घालायची आणि खिडकीबाहेर बघत बसायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकीची मुलं मान वर न करता लिहीत असायची, आणि ही एकटी अशी बसलेली. पर्यवेक्षक जवळ जाऊन विचारायचे, "काय गं, येत नाही का?"

"झालं सर."

"अगं, निम्मा वेळ शिल्लक आहे अजून."

"मंग काय करू? झालं ना."

मी तेव्हा जालन्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होतो. ती माझी विद्यार्थिनी, आणि शेजारचीही. जुन्या जालन्यात आमच्या भाड्याच्या घरासमोर तिच्या वडिलांचं ठोक कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच त्यांचं घर. गल्ली इतकी अरुंद की आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर त्यांच्याकडच्या बायका भाताबरोबर काय भाजी आहे ते विचारत. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण त्याला कितीतरी पिढ्या झालेल्या. घरात मारवाडी, दुकानात हिंदी आणि गिऱ्हाइकाशी आमच्यासारखीच मराठी. वडिलांना सगळी गल्ली शेठ म्हणायची, मीही शेठच म्हणायचो.

तुम्ही कधी गणिताचे पेपर तपासले असतील तर तुम्हाला माहीत असेल, मार्क उत्तराला कमी आणि पायऱ्यांना जास्त असतात. मुलं त्यांना स्टेपा म्हणतात. हिच्या पेपरात स्टेपा नसायच्याच. पानभर लागणाऱ्या गणिताखाली एक ओळ, त्या ओळीत उत्तर, आणि ते बरोबर. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाचं तरी पाहून लिहिलं. पण वर्गात तिच्याइतकं बरोबर उत्तर कुणाचंच नव्हतं, मग पाहणार कुणाचं?

मी तिला बोलावून विचारलं, "मधलं कुठं आहे?"

"मधलं काय सर? ते तर दिसतंच."

"तुला दिसतं. तपासणाऱ्याला कसं कळणार?"

"त्यांना येत असंल ना! येतं म्हणून तर तपासून राह्यले. ज्याला येतं त्याला परत कशाला सांगायचं?"

हे उद्धटपणे म्हटलेलं नव्हतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. मी नियम सांगितला, स्टेपा नाहीत तर मार्क नाहीत. तिनं मान हलवली आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच केलं. सगळ्यात कमाल म्हणजे 'सिद्ध करा' असा प्रश्न. तिथं उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. त्याखाली ती फक्त लिहायची, 'बरोबर आहे.'

भाषेच्या पेपरांचीही तीच गत. निबंध अर्ध्या पानात आटोपलेला. मराठीच्या मॅडम म्हणायच्या, "हिचा निबंध म्हणजे तार आहे."

बारावीचा निकाल लागला आणि व्हायचं तेच झालं. इंजिनिअरिंगसाठी बोर्डात जेवढे लागतात त्याच्या किंचित वर, एवढेच मार्क. शेठनी पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती. ती त्यांनी रद्द केली नाही, पण डबे गल्लीत वाटलेही नाहीत. दुकानातल्या नोकरांनी कितीतरी दिवस पेढे खाल्ले.

त्या सुमाराला इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटीवर व्हायला लागले होते. तिथं लिहायचं काहीच नाही, चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा. काही दिवसांनी तो निकाल आला, आणि जिल्ह्यात तिच्यापुढं फार कुणी नव्हतं.

आता गल्लीत आणि आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय. बोर्डात एवढे कमी आणि इथं एवढे जास्त, हे कसं? आमच्या एका सहकाऱ्यांच्या मुलाला बोर्डात उत्तम मार्क होते आणि सीईटीत तो मागे राहिला होता. ते मला म्हणाले, "शेजारी कोण बसलं होतं तिच्या, ते बघा आधी." ती दाखला न्यायला कॉलेजात आली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि सीईटीतलाच एक प्रश्न तोंडी विचारला. तिनं लगेच सांगितलं.

"कसं काढलंस?"

"काढलं न्हाई सर. बाकीचे तीन होऊच शकत न्हाई."

त्यांची खात्री पटली की नाही, मला माहीत नाही.

प्रवेशासाठी औरंगाबादच्या केंद्रावर जायचं होतं. शेठ म्हणाले, "सर, तुम्ही चला बरं. मला तिथलं काही समजत न्हाई." आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. शेठनी कागदांची पिशवी मांडीवर धरली होती आणि प्रत्येक स्टेशनाला ती उघडून आत बघत होते.

टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"या दोन्ही तुमच्याच?"

"हो."

"इकडं असं आणि इकडं हे?"

"तिकडं लिहावं लागतं सर," ती म्हणाली.

अधिकारी मोठ्यानं हसले. चांगला माणूस होता. पुण्यातल्या सरकारी कॉलेजातली जागा तिच्या नावावर करता करता म्हणाला, "आणि बाई, कॉलेजात गेल्यावर काय करणार? तिथंसुद्धा लिहावंच लागतं."

परतीच्या गाडीत तिनं मला हळूच विचारलं, "खरंच का सर?" मी हो म्हणालो. त्यानंतर ती जालन्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. शेठ मात्र आता सैल झाले होते. डब्यातल्या अनोळखी माणसांना सांगत होते, "बेटी पुण्याला चालली. सरकारी कॉलेज. बिलकुल मेरिटवर."

त्यांच्या समाजातून कुणाची मुलगी तोवर अशी एकटी बाहेर शिकायला गेलेली नव्हती. भाऊबंदांनी नाकं मुरडली. शेठनी कुणाचं ऐकलं नाही. म्हणूनच पुढचं त्यांना फार लागलं असावं.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तिचे इतके विषय राहिले होते की दुसऱ्या वर्षात बसताच येईना. विद्यापीठाच्या पेपरांत पुन्हा तेच, एका ओळीत उत्तर. ती पेटी घेऊन घरी आली. दोन-तीन दिवसांनी शेठ आमच्याकडे आले. चहा समोर तसाच राहिला.

"बोर्डानं पहिल्यांदाच सांगितलं होतं सर. आपणच ऐकलं न्हाई. ती सीईटी म्हणजे लॉटरी लागल्ती."

"शेठ, लॉटरी नव्हे. हुशार आहे ती."

"असंल. पण हुशारी पेपरात उतरत न्हाई, तर तिचं काय करू? सिकंदराबादचं स्थळ आहे. माणसं चांगली आहेत. बात पक्की करून टाकतो."

"हिवाळ्यात परत परीक्षा असते. एकदा बसू द्या."

"बसून काय? जे लिहितच न्हाई त्याला पास कोण करणार?"

माझंही त्यांच्यासारखंच मत होतं, मी फक्त ते बोललो नाही.

सिकंदराबादची मंडळी बघायला आली. आमच्या ओट्यावरून गाडी आलेली दिसली, आणि फार लवकर गेलेलीही दिसली. आत काय झालं ते तिच्या आईनं माझ्या बायकोला सांगितलं. मुलाच्या काकांनी सहज विचारलं, शिक्षण कुठवर आलं? हिनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "नापास आहे. परत परीक्षेला बसणार आहे. पास झाल्याबिगर लग्न करणार न्हाई." पाहुण्यांनी चहा घेतला, फराळाला हात लावला नाही.

त्या दिवसापासून शेठनी तिच्याशी बोलणं टाकलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ती जिन्यातून उतरली की ते कापडाचं थान उलगडून बघायला लागत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली. "सर, मला लिहायला शिकवा," म्हणाली.

मी बरेच प्रयत्न केले. नमुन्याची उत्तरं दिली, ओळींना क्रमांक घालायला लावले. ती माझ्या धाकानं दोन ओळी लिहायची, मग तिचा हात थांबायचा. "पण सर, हे तुम्हाला येतंच ना," म्हणून माझ्याकडे बघायची. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मग जिला येत नाही तिला सांग. जा, काकूला सांग."

माझी बायको ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिचं गणित दहावीला सुटलं, त्यानंतर तिनं त्याकडे वळून पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "सांग बाई, कानाला काय काम आहे."

मुलगी वही घेऊन तिच्यासमोर बसली. पहिली ओळ लिहिली आणि खाली थेट उत्तर.

"थांब," बायको म्हणाली. "हे वरून खाली कसं आलं?"

"काकू, हे दिसत न्हाई तुम्हाला?"

"न्हाई. मला मेथी दिसून राह्यली."

मी आतून ऐकत होतो. मला वाटतं, आपल्याला जे दिसतं ते समोरच्या चांगल्या शहाण्या माणसाला दिसत नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात त्या दुपारी पहिल्यांदा आली. आम्हा मास्तरांपुढं ही गोष्ट कधी ध्यानात येण्यासारखी नव्हती.

"बरं, थांबा," ती म्हणाली. "सांगते."

त्यानंतर रोज दुपारी हा प्रकार सुरू झाला. बायको भाजी निवडायची, कधी डाळ पाखडायची, आणि विचारत राहायची. "हे इकडून तिकडं गेल्यावर वजा का झालं?" "आत्ता तर दोन होते, एक कुठं गेला?" "हे तू म्हणतेस म्हणून मानायचं का?" सुरुवातीला मुलगी चिडायची, एकदा तर वही आपटून निघून गेली आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आली. मग हळूहळू बायको विचारायच्या आधीच ती लिहायला लागली. लिहिता लिहिता तोंडानं म्हणायची, "इथं काकू विचारतील." आणि एक ओळ वाढवायची. बायकोला त्यातलं गणित किती कळलं, देव जाणे. पण कुठं उडी मारली, ते तिला बरोबर कळत असे.

हिवाळ्यात ती पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. गल्लीतून येतानाच ओरडून म्हणाली, "काकू, पुरवणी घेतली!" शेठ दुकानात बसलेले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

ती पास झाली. मार्क बेताचेच, पण सगळे विषय सुटले. फीचे पैसे शेठनी तिच्या आईच्या हाती दिले आणि स्टेशनवर सोडायला गेले नाहीत.

तिचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. एक वर्ष जास्त घेऊन तिनं इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि बंगळूरला नोकरी धरली. चारचौघींसारखी पदवी, पहिल्या वर्गाच्या जरा अलीकडे. वर्तमानपत्रात नाव यावं असं तिनं परत काही केलं नाही. मला ती शेवटची भेटली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्या मधल्या काळाचं. शेठचा फोन दुकानात होता, आणि फोनपाशी शेठ. ती परत गेल्यावर पहिल्यांदा पुण्याहून तिचा फोन आला तेव्हा त्यांनी आवाज ओळखला आणि रिसीव्हर ठेवून दिला. म्हणून ती रविवारी सकाळी आमच्याकडे फोन करायला लागली. आई आमच्याकडे येऊन बोलून जायची.

थोड्याच दिवसांत शेठही रविवारी सकाळी यायला लागले. कारण काहीतरी असायचं. आज पेपर आला नाही, तुमचा बघू. सर, नगरपालिकेचं काय झालं? ते बसायचे, पेपर उघडायचे, आणि फोन वाजायचा. आई बोलून झाली की बायको रिसीव्हर घ्यायची आणि तिकडून येणारं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणायची. "ताप येऊन गेला? उतरला ना पण?" "मेसची भाजी खाववत न्हाई म्हणतेस?" "वर्कशॉपात हाताला लागलं? कुठल्या हाताला? डाव्या." शेठ पेपरातून नजर काढत नसत, पण पानही उलटत नसत. फोन संपला की चहा संपवून उठत.

असं वर्षभर तरी चाललं असेल.

एका रविवारी तिची आई माहेरी गेली होती. शेठ एकटेच आले. फोन आला, बायको बोलत होती, नेहमीसारखी मोठ्यानं. मध्येच शेठ पेपरामागून म्हणाले, "वहिनी, तिला विचारा, थंडीचं पांघरायला बराबर आहे का."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच विचारा," म्हणाली, रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेली. स्वयंपाकघराचं दार लोटलं, नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. बाहेर काय बोलणं झालं, बोलणं झालं की नाही, आम्हाला कळलं नाही. आम्ही आलो तेव्हा शेठ गेलेले होते. पेपर घडी घालून खुर्चीवर ठेवलेला होता.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. बायकोनं रिसीव्हर उचलून पाहिला, लाईन चालू होती. काळजी वाटून मी ओट्यावर आलो. समोर दुकान बंद होतं, पण शटर गुडघ्याइतकं वर होतं आणि आतून शेठचा आवाज येत होता. लांबच्या फोनवर माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, ते मारवाडीत काहीतरी सांगत होते आणि मध्येच हसत होते.

बायको माझ्यामागं येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकलं.

"चला, जेवायला वाढते," म्हणाली.